सभाधीटपणा : चारचौघांत बोलायची धास्ती वाटणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

गेली चौदा वर्षं मी दर शनिवारी संध्याकाळी एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत सभाधीटपणाचा वर्ग घेते. सातवीतली मुलं येतात, बँकेतून निवृत्त झालेले काका येतात, बचत गटाच्या बायका येतात, पहिल्या नोकरीत प्रेझेंटेशनच्या नावाने झोप उडालेली तरुण मंडळीही येतात. माणसं वेगळी असली तरी प्रश्न बहुतेक तेच असतात. ते आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. पहिल्यापासून वाचलंच पाहिजे असं नाही, ज्याला जे अडलंय ते त्याने शोधावं. फक्त पाठांतराबद्दलचा प्रश्न सोडू नका, कारण माझ्या मते आपल्याकडच्या भीतीचं मूळ तिथे आहे.

नाव पुकारलं की पोटात गोळा येतो, हात गार पडतात, घशाला कोरड पडते. हे नेमकं काय होतं?

मेंदूला धोका जाणवला की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनालिन सोडतात. स्नायूंना जास्त रक्त हवं म्हणून हृदय धडधडतं. कातडीकडचं रक्त आत वळतं म्हणून बोटं गार पडतात. पचन मंदावतं म्हणून पोटात गोळा, लाळ कमी होते म्हणून घशाला कोरड. सगळे स्नायू ताठतात, त्यात स्वरयंत्राचेही आले, म्हणून आवाज चढतो आणि कापरा होतो. बांधावर बिबट्या दिसला तर पळायला जी तयारी लागते, तीच तयारी शरीर करत असतं. समोर बसलेल्या दोनशे डोळ्यांत आणि बिबट्याच्या दोन डोळ्यांत त्याला फारसा फरक कळत नाही.

हे समजल्याने धडधड थांबत नाही, पण "मला काहीतरी झालंय" ही दुसरी भीती कमी होते. पहिल्या भीतीपेक्षा ही दुसरीच जास्त छळते. आणखी एक लक्षात ठेवा. ही लाट सगळ्यात उंच असते ती नाव पुकारण्याआधीच्या काही क्षणांत आणि बोलायला लागल्यावरच्या पहिल्या मिनिटात. त्यानंतर ती बहुतेकांच्या बाबतीत आपोआप उतरू लागते. म्हणजे तुम्हाला पूर्ण भाषण सांभाळायचं नसून पहिलं एक मिनिट सांभाळायचं आहे.

ही भीती कधी पूर्ण जाते का?

बहुतेकांची पूर्ण जात नाही. जायची गरजही नसते. माझी गेलेली नाही. आजही शाळेच्या स्नेहसंमेलनात बोलायचं असलं की सकाळपासून जेवणावर वासना नसते. फरक इतकाच, की आता ती माझ्याबरोबर स्टेजवर येते आणि बाजूला उभी राहते. पूर्वी ती माझा गळा धरायची.

गांधीजींची गोष्ट मी दरवर्षी नव्या वर्गाला सांगते. लंडनमध्ये शिकत असताना शाकाहारी मंडळाच्या बैठकीत त्यांना आपलं मत मांडायचं होतं. ते लिहून नेलं, तरी वाचायची हिंमत झाली नाही. शेवटी दुसऱ्याने वाचून दाखवलं. बॅरिस्टर होऊन मुंबईत आल्यावर स्मॉल कॉजेस कोर्टात पहिला खटला मिळाला, फी ३० रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि डोळ्यांसमोर कोर्ट फिरू लागलं. एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि फी परत केली. हे सगळं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

आणि मग १८९३ साली प्रिटोरियात तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांच्या सभेत ते बोलले, व्यापारात सचोटी कशी असावी याबद्दल. आयुष्यातलं ते आपलं पहिलं जाहीर भाषण, असं ते म्हणतात. माणूस तोच, लाजरा स्वभावही तोच. पण या वेळी समोरच्या माणसांना सांगायलाच हवं असं काही त्यांच्यापाशी होतं. मला वाटतं, सगळी मेख इथेच आहे. "मी कसा दिसतोय" हा विचार मागे पडून "हे यांच्यापर्यंत पोचलं पाहिजे" ही तळमळ पुढे आली की जीभ सुटते.

माझी थरथर समोरच्यांना दिसते का?

तुम्हाला वाटते तितकी बिलकुल दिसत नाही. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच आढळलं. वक्त्यांना वाटत होतं की आपला घाबरटपणा उघडा पडलाय, ऐकणाऱ्यांना मात्र तो त्या मानाने कमीच जाणवला होता. पुढची गंमत अशी, की "तुमची भीती बाहेर फारशी दिसत नसते" एवढं आधीच सांगितल्यावर लोक जास्त चांगलं बोलले.

आमच्या वर्गात याचा पडताळा घ्यायला आम्ही मोबाईलवर चित्रण करतो. बोलून झाल्यावर मी विचारते, दहापैकी किती घाबरला होतात? उत्तर येतं, नऊ. मग चित्रण दाखवून विचारते, आता या माणसाला किती द्याल? चार, फार तर पाच. स्वतःच्याच डोळ्यांनी हे पाहिलं की माणूस सैल होतो. चित्रण पहिल्यांदा बघणं अवघड जातं, आपलाच आवाज परका वाटतो. तरी एकदा तरी बघाच.

भाषण पाठ करावं की नाही?

शब्दन् शब्द पाठ करू नका. हे मी जीव तोडून सांगते, कारण याचा चटका मला सातवीत बसला.

एक ऑगस्ट, लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी. आपल्याकडच्या असंख्य मुलांचं आयुष्यातलं पहिलं भाषण याच दिवशी होतं, तसंच माझंही. "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला दोन शब्द सांगणार आहे, ते तुम्ही शांतपणे ऐकून घ्यावे ही नम्र विनंती." इथपर्यंत घडाघडा. मग जन्म कुठे, वडिलांचं नाव काय. मग शेंगदाण्यांच्या टरफलांची गोष्ट सुरू झाली आणि "गुरुजी म्हणाले" यानंतरचं वाक्य गेलं. गोष्ट मला माहीत होती, घरी भावंडांना मी ती कितीदा रंगवून सांगितली होती. पण वहीत लिहिलेलं वाक्य आठवेना, आणि वहीतल्या वाक्याशिवाय बोलायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तशीच उभी राहिले. कुणीतरी येऊन हाताला धरून खाली नेलं. त्यानंतर दहा वर्षं मी माईकजवळ गेले नाही.

पाठ केलेलं भाषण हे मण्यांच्या माळेसारखं असतं. एक मणी निसटला की पुढचे सगळे घरंगळतात. शिवाय पाठ केलेलं म्हणताना माणूस मनातल्या वहीचं पान वाचत असतो. समोरच्या माणसांकडे त्याचं लक्षच नसतं. डोळे छताकडे, आवाज एका सुरात. ऐकणाऱ्यांना ते लगेच कळतं, ते चुळबुळ करू लागतात, ती चुळबुळ बघून वक्ता आणखी घाबरतो. आपण मुलांना वक्तृत्वाच्या नावाखाली पाठांतर शिकवतो, आणि मग ती मोठी झाल्यावर "स्टेजवर काही सुचतच नाही" म्हणतात. सुचण्याची सवयच आपण लागू दिलेली नसते.

पाठ करायचं असेल तर फक्त दोन गोष्टी करा: पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य. पहिलं एवढ्यासाठी, की लाट सगळ्यात उंच असताना डोक्याला काम पडू नये. शेवटचं एवढ्यासाठी, की उतरायचं कुठे हे माहीत असावं.

मग तयारी नेमकी कशी करायची?

आधी एका वाक्यात लिहा: ऐकून घरी जाताना यांनी काय घेऊन जावं? हे वाक्य जमेपर्यंत पुढे जाऊ नका. "पाण्याचे महत्त्व" हा विषय झाला. "आपल्या आळीतल्या विहिरीचा गाळ यंदा मे महिन्याच्या आत काढला पाहिजे" हे सांगणं झालं. पहिल्यावर कितीही बोललं तरी भीती राहते, कारण सांगायचं काय ते आपल्यालाच ठाऊक नसतं.

मग त्या वाक्याला आधार देणारे तीन मुद्दे काढा. प्रत्येकाला एक घडलेली गोष्ट किंवा डोळ्यांनी पाहिलेली वस्तू जोडा. मुद्दा विसरतो, प्रसंग विसरत नाही. विहिरीचं बोलायचं तर आजीच्या वेळची पायरी कुठपर्यंत उघडी असायची ते आठवा, मुद्दा मागोमाग येईल. हे सगळं पोस्टकार्डाएवढ्या एका टाचणावर मावलं पाहिजे, एका ओळीत चारपाच शब्द, मोठ्या अक्षरात. पूर्ण वाक्यं लिहिलीत की डोळे ती वाचायला जातील.

त्यानंतर टाचण हातात घेऊन मोठ्याने बोला. मनातल्या मनात नको, मनात सगळेच उत्तम वक्ते असतात. उभं राहून, आवाज काढून बोला. दुसऱ्यांदा बोलाल तेव्हा वाक्यं वेगळी येतील, येऊ द्या. तिसऱ्यांदा आणखी वेगळी. चारपाच वेळा असं झालं की एक गोष्ट अंगात मुरते: हेच म्हणणं मला पाच वाटांनी सांगता येतं, एखादी वाट बंद झाली तर दुसरी आहे. पाठांतरवाल्याकडे एकच वाट असते.

वेळ मोजा. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे मराठी शब्द होतात, असा माझा वर्गातला अनुभव आहे. पाच मिनिटं मिळणार असतील तर घरी चार मिनिटांत संपेल एवढंच ठेवा, उरलेलं एक मिनिट थांबण्यात, पाणी पिण्यात, हशा-टाळ्यांत जातं. कीर्तनकार पूर्वरंगात अभंग उलगडतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. आधी म्हणणं, मग ते जिवंत करणारी गोष्ट. शेकडो वर्षं माणसांना रात्री जागं ठेवणारी ही बांधणी पाच मिनिटांच्या भाषणालाही पुरते.

मधेच विसरलं तर?

थांबा. टाचण बघा. हवं तर पाण्याचा घोट घ्या. तुम्हाला तो काळ अर्ध्या तासाएवढा वाटेल, प्रत्यक्षात चारपाच सेकंद गेलेले असतात आणि ऐकणाऱ्यांना वाटतं की वक्ता विचार करतोय. तरीही आठवलं नाही तर आत्ताच बोललेलं वाक्य पुन्हा वेगळ्या शब्दांत म्हणा, बऱ्याचदा पुढचं त्याच्या शेपटाला धरून येतं. नाहीच आलं तर पुढच्या मुद्द्यावर जा. काय गाळलंत ते फक्त तुम्हाला माहीत आहे. "सॉरी, मी विसरलो" म्हणण्याचं काहीच कारण नाही.

सुरुवात "व्यासपीठावरील मान्यवर" अशीच करावी लागते का?

औपचारिक कार्यक्रमात एका वाक्याचं संबोधन हवं, ती रीत आहे आणि मोडू नये. पण सहा पाहुण्यांची नावं सूत्रसंचालकाने घेतलेली असताना तुम्ही पुन्हा पदांसकट घ्यायची गरज नाही. नावं घेण्यात चुकण्याची भीती वेगळीच, एक नाव राहिलं की तोच विचार पुढे पाच मिनिटं डोक्यात घोळतो. "अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सर्व मान्यवर आणि मित्रहो" एवढं पुरे.

त्यानंतर लगेच गोष्टीत शिरा. "आज मी आपल्यासमोर अमुक विषयावर बोलणार आहे" हे वाक्य गाळून बघा, काही बिघडत नाही. "मला बोलता येत नाही, काही चुकलं तर सांभाळून घ्या" हे तर मुळीच नको. त्याने सहानुभूती मिळत नाही, लोक फक्त चुका शोधू लागतात.

माझी भाषा गावाकडची आहे. 'न' आणि 'ण' होत नाही. लोक हसतील म्हणून मी बोलतच नाही.

हा प्रश्न आला की मला गलबलून येतं, कारण हा विचारणाऱ्यांकडे बहुतेकदा सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असतं.

"आनि-पानि" म्हणून हिणवण्याची एक वाईट सवय आपल्या समाजात आहे. तिने किती माणसं गप्प केली त्याची मोजदाद नाही. माझ्या वर्गात एक ताई यायच्या, भाजीचा धंदा करणाऱ्या. पहिले तीन शनिवार त्या छापील भाषेत बोलायचा प्रयत्न करत होत्या आणि दर वाक्याला अडखळत होत्या. चौथ्या शनिवारी मी म्हटलं, शेजारणीला सांगता तसं सांगा. त्या म्हणाल्या, "तीन म्हैने झाले, नळाला पानी न्हाई. कळशी घेऊन पोरगी जाती आन् तिची शाळा बुडती." खोलीत चिडीचूप. कुणीही हसलं नाही. 'न्हाई'च्या जागी 'नाही' असतं तर ते वाक्य अधिक मोलाचं झालं असतं का?

गाडगेबाबांची कीर्तनं वऱ्हाडी बोलीत असायची. ते श्रोत्यांना थेट प्रश्न विचारायचे, समोरून उत्तर यायचं, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. हजारो माणसं तासन् तास बसायची. व्याकरणाची परीक्षा घ्यायला कुणी येत नव्हतं. मालवणी, अहिराणी, झाडीबोली, कोल्हापुरी, ज्यात तुम्ही भांडता आणि रडता त्या भाषेत तुमचा आवाज सगळ्यात मोकळा असतो.

हे खरं, की स्पर्धेत किंवा मुलाखतीत प्रमाण मराठी अपेक्षित असते, आणि ती शिकून घेणं केव्हाही चांगलं. त्यासाठी रोज दहा मिनिटं वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने वाचा. 'ण', 'ळ', 'श', 'ष' या अक्षरांखाली रेघ मारून सावकाश म्हणा. तीनचार महिन्यांत जीभ वळते. पण तोवर गप्प बसू नका. प्रमाणभाषा हे एक जास्तीचं कापड आहे, प्रसंगाला घालायचं. अंगावरची कातडी सोलून तिथे ते चिकटवायचं नसतं.

आवाज थरथरतो, धाप लागते. काय करू?

उच्छ्वास लांबवा. चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, सहा-सात आकडे मोजत सोडा. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. पाळी येण्याआधी खुर्चीत बसून असं आठदहा वेळा करा, शेजारच्यालाही कळणार नाही. घाबरल्यावर भराभर मोठे श्वास घेऊ नका, त्याने चक्कर येते.

घशासाठी साधं किंवा कोमट पाणी. कार्यक्रमाआधीचा तिसरा चहा टाळा, धडधड आधीच आहे, त्यात भर नको. आणि पहिलं वाक्य नेहमीपेक्षा जरा मोठ्या आवाजात व सावकाश म्हणा. बारीक आवाजात थरथर जास्त ऐकू येते, खणखणीत आवाजात ती बुडून जाते.

आणखी एक साधी युक्ती. "शांत हो, शांत हो" असं स्वतःला बजावून कुणी शांत होत नाही. त्याऐवजी "मला उत्साह वाटतोय" असं म्हणून बघा. अ‍ॅलिसन वूड ब्रुक्स या हार्वर्डमधल्या संशोधिकेने २०१४ मध्ये दाखवलं, की असं म्हणणारे लोक शांत व्हायला बघणाऱ्यांपेक्षा चांगलं बोलले. भीतीत आणि उत्साहात शरीर सारखंच धडधडतं, आपण त्याला नाव कुठलं देतो एवढाच प्रश्न. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे बालिश वाटलं होतं. आता मी स्वतः करते.

हातांचं काय करायचं? बघायचं कुठे?

हात मोकळे सोडा, बोलण्याच्या ओघात ते आपोआप उठतात. टाचण एका हातात असलं की अर्धा प्रश्न मिटतो. नजरेसाठी सभागृहात तीन चेहरे निवडा: डावीकडे एक, मधे एक, उजवीकडे एक, आणि तिघेही मान डोलावणाऱ्यांपैकी. एक पूर्ण वाक्य एकाला सांगा, पुढचं दुसऱ्याला. घाबरलेल्या माणसाची नजर नेमकी जांभई देणाऱ्याकडे जाते. तिला हाताला धरून परत आणा.

माईकची भीती वाटते.

ती बहुधा अपरिचयातून असते. लवकर जा, साऊंडवाल्याला भेटा, त्याला नमस्कार करा आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर दोन वाक्यं बोलून बघा. स्पीकरमधून परत येणारा आपलाच आवाज ऐकून दचकायला होतं, ते दचकणं आधीच होऊन जाऊ द्या. माईक तोंडापासून साधारण वीतभर ठेवा आणि जरासा बाजूने बोला, म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना फट्‍कन आवाज येत नाही. बोटाने टकटक करू नका, फुंकर मारू नका. आधीचा वक्ता उंच असेल तर स्टँड खाली करायला पाच सेकंद खुशाल घ्या. टाचा उंचावून बोलत राहिलात तर सगळा जीव टाचांत अडकतो.

ग्रामसभेत बोलायचं आहे, पण पुरुष मंडळी समोर असली की तोंड उघडत नाही.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. म्हणजे निम्म्या खुर्च्यांवर बायका बसतात, पण किती जणींचा आवाज ऐकू येतो? तुम्ही सदस्य नसलात तरी ग्रामसभेत बोलण्याचा हक्क गावच्या प्रत्येक मतदाराला आहे.

कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. अनेक गावांत ती कागदावरच उरकतात. ती खरोखर भरवा, कारण सरावाला त्याहून चांगली जागा नाही. तिथे आपला मुद्दा एकदा बोलून घ्या. बाकीच्या बायकांना ठरवून सांगा: मी उभी राहिले की तुम्ही दोघी माझ्या मागोमाग उभ्या राहा. एकटीला "बसा बाई" म्हणता येतं, तिघींना म्हणणं जड जातं.

बोलताना तारीख आणि आकडा घेऊन उभ्या राहा. "रस्ता खराब आहे" याला "बघू" हे उत्तर येतं. "मागच्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय इतिवृत्तात लिहिला होता, आज २६ जानेवारी आहे, काम सुरू झालेलं नाही" याला बघू म्हणता येत नाही. वाक्य संपलं की बसू नका, उत्तर मिळेपर्यंत उभ्याच राहा. पाय थरथरत असतील तर खुर्चीची पाठ धरा. कुणी मधे बोललं तर आवाज चढवू नका, "माझं एक वाक्य राहिलंय" म्हणा आणि ते पूर्ण करा.

मुलाला वक्तृत्व स्पर्धेत उतरवू का? तो नको म्हणतो.

ओढून नेऊ नका. आधी घरात बोलता करा. रात्री जेवताना रोज एकाने दिवसातली एक गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी मधे न तोंड घालता ऐकायची, एवढं महिनाभर केलं तरी पुष्कळ होतं. मग वर्गात, मग सोसायटीच्या गणपतीत, मग स्पर्धा.

आणि त्याचं भाषण तुम्ही लिहू नका. "स्वातंत्र्याच्या यज्ञकुंडात आहुती" हे दहा वर्षांच्या मुलाचं वाक्य नव्हे, ते तोंडात घातलेलं त्यालाही कळतं. बक्षीस मिळालं नाही तर घरी येताना रस्त्यात परीक्षकांच्या चुका काढू नका, मुलाच्याही नकोत. आइस्क्रीम खा. गाडीतली ती वीस मिनिटं मूल पुढची अनेक वर्षं लक्षात ठेवतं.

ऑफिसात इंग्रजीतून प्रेझेंटेशन असतं. मराठीत मी बरा बोलतो, इंग्रजीत दातखीळ बसते.

आधी मराठीत सांगून बघा, मोठ्याने, पूर्ण. मुद्दे मराठीत पक्के झाले की मग तेच इंग्रजीत छोट्या छोट्या वाक्यांत सांगा. बहुतेकांचा घोटाळा असा, की विचार आणि भाषा दोन्ही एकाच वेळी शोधत बसतात. स्लाइडवर वाक्यं लिहू नका, आकडे आणि चित्रं ठेवा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, त्यात कमीपणा नाही. ऑनलाइन बैठकीत चेहरे दिसत नाहीत म्हणून काही जणांची भीती वाढते. त्यांनी कॅमेऱ्याच्या शेजारी घरातल्या कुणाचा तरी फोटो चिकटवावा आणि त्याच्याशी बोलावं.

यावर गोळी असते म्हणे?

प्रोप्रानोलॉलसारखी औषधं धडधड आणि थरथर कमी करतात आणि काही डॉक्टर ती प्रसंगापुरती देतात. पण दमा असणाऱ्यांना ती धोक्याची असतात, हृदयाच्या काही आजारांतही चालत नाहीत. मित्राने दिली म्हणून कधीही घेऊ नका.

भीती भाषणापुरती नसेल, म्हणजे दुकानात भाव विचारणं, फोन उचलणं, चारचौघांत जेवणं हेही टाळायला लागला असाल आणि असं महिनोन् महिने चाललं असेल, तर तो सामाजिक चिंतेचा आजार असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

तोतरेपणा ही आणखी वेगळी गोष्ट. त्यासाठी वाक्-उपचारतज्ज्ञ असतात. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची वाचा व श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, मोठ्या सरकारी रुग्णालयांतही चौकशी करा. आणि तोतरं बोलणाऱ्याचं वाक्य आपण पूर्ण करू नये, ही माझी हात जोडून विनंती.

सराव कुठे करायचा? ऐकायला कोण असतं?

भिशी, हळदीकुंकू, गणेशोत्सव मंडळ, सोसायटीची वार्षिक सभा, वाढदिवस. आभारप्रदर्शन मागून घ्या, ते छोटं असतं आणि लोक उठण्याच्या बेतात असल्याने चुकांकडे कुणी बघत नाही. शहरांत टोस्टमास्टर्सचे क्लब आहेत. ही चळवळ १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिथे कुणी गुरू नसतो, सदस्यच एकमेकांचं ऐकतात आणि चुका सांगतात. आजूबाजूला काहीच नसेल तर पाच जण जमवा, आठवड्याला एक तास, प्रत्येकी तीन मिनिटं. आमचा वर्ग असाच चार माणसांवर सुरू झाला.

ऐकणं हाही सरावच आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली, आणि तिच्यासारख्या व्याख्यानमाला गावोगावी आहेत. जाऊन बसा. विषयापेक्षा वक्ता कुठे थांबतो, कुठे आवाज खाली आणतो, इकडे कान ठेवा.

उद्याच सकाळी बोलायचं आहे आणि यातलं काहीच केलेलं नाही. आता काय?

ते एक वाक्य लिहा. तीन प्रसंग लिहा. टाचण करा. घरात जो जागा असेल त्याला समोर बसवा आणि दोनदा उभं राहून बोला, पहिलं वाक्य पाठ करा आणि झोपा. रात्री दोनपर्यंत भाषण सुधारत बसू नका.

सकाळी अर्धा तास आधी पोचा. दारात उभं राहून येणाऱ्या चारपाच जणांशी दोन शब्द बोला, कुठून आलात, बस मिळाली का, काहीही. मग स्टेजवर गेल्यावर त्या गर्दीत तुम्हाला पाच ओळखीचे चेहरे दिसतील. नाव पुकारलं की घाई न करता चालत जा, टाचण ठेवा, दोन्ही तळपाय जमिनीवर टेकलेत ना ते बघा, एक लांब श्वास सोडा. त्या पाचांतल्या एकाकडे बघा आणि पहिलं वाक्य त्याला सांगा.